कुरुंद्याचे शेंगोळे

ग्यानबा कुरुंद्याहून हळदीचं बेणं घेऊन आला. बेणं त्याने पडवीत उतरवलं, पण बेणं देणाऱ्या उत्तमरावांच्या घरी जे खाऊन आला होता ते काही त्याच्या जिभेवरून उतरेना.

"काय शेंगोळे होते म्हणून सांगू!" हातपाय धुता धुताच त्याने सुरू केलं. "हुलग्याचं पीठ, लसणाचा झणका, आन् रस्सा असा की भुरका मारला की डोळ्यांतून पाणी! शकू, तसं तुला जन्मात जमायचं न्हाई."

शकुबाई चुलीपुढे बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. लग्न होऊन डोंगरकडा गावी आली तेव्हापासून ती शेंगोळे करत होती. पिठात लसूण, तिखट, ओवा घालून घट्ट मळायचं, तळहाताला तेल लावून एकेक शेंगोळा वळायचा आणि उकळत्या पाण्यात अलगद सोडायचा. सकाळी बसलं की दुपार व्हायची. ग्यानबा यायचा, ओरपायचा, ढेकर द्यायचा आणि उठायचा. चांगलं नाही की वाईट नाही. तिला वाटायचं, गड्याचा स्वभावच मुका, त्याला कोण काय करणार? आज कळलं, बोलता येत होतं. तिच्यासाठी तेवढा शब्द नव्हता.

घरात बोलून भागलं असतं तर तिने गिळलंही असतं. पण संध्याकाळी पारावर तोच विषय. शेजारचे तातेराव सांगत होते, सुनेनं सकाळी धपाटे केले होते, वर सायीचं दही, मजा आली. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ग्यानबा म्हणाला, "धपाट्याचं काय घेऊन बसलात? शेंगोळे खावे तर कुरुंद्याला." दुसऱ्या दिवशी विहिरीवर पार्वतीबाईनं घागर बुडवता बुडवता विचारलं, "काय गं शकू, तुझ्या घरी शेंगोळे जमत न्हाईत म्हणं?"

शकुबाईच्या अंगाची लाही लाही झाली. घरी आली ती जात्यावरच बसली. हुलगे दळले, पीठ मळलं, पाठ मोडेस्तोवर शेंगोळे वळले. ग्यानबाने दोन खाल्ले, मान हलवली आणि म्हणाला, "न्हाई. ती चव न्हाई."

तिने त्याच्या पुढची ताटली उचलली, पातेलं उचललं आणि सगळे शेंगोळे गोठ्यात म्हशीच्या टोपल्यात ओतले. म्हशीनेही बिनबोभाट खाल्ले. पण म्हशीकडून तिची काही आशा नव्हती.

पाऊस तोंडावर आला होता. निम्मं बेणं अजून कुरुंद्यालाच होतं आणि ग्यानबा नांगरटीत अडकला होता. तांड्यावरचा वसराम आपली गाडी घेऊन तिकडे निघाला, तशी शकुबाई म्हणाली, "मी जाते संगं."

"बेणं वसराम आणील की. तू काहून?"

"शेंगोळे शिकाया."

ग्यानबाचा चेहरा उजळला. "हे बराबर बोललीस!" त्याचा तो खुललेला चेहरा पाहून तिला हातातलं उलथनं फेकून मारावंसं वाटलं.

वाटभर ती धुमसत गेली. उत्तमराव म्हणजे मोठा बागायतदार. त्याची बायको गोरीगोमटी असेल, सोन्यानं मढलेली असेल, हातात चव असल्याचा तोरा असेल. पण उत्तमराव शेतात गेलेले होते आणि दारात आली ती वाळलेली, कोपरापर्यंत पिठात हात माखलेली धुरपताबाई.

"बस गं बाई. उन्हाचं आलीस."

"बसाया न्हाई आले अक्का," शकुबाई उभ्यानेच म्हणाली. "आमचे हे गावभर तुमच्या शेंगोळ्यांचे गोडवे गाऊन राहिलेत. मला रोज ऐकावं लागतं. म्हणलं एकदा बघावं, काय घालता त्यात."

धुरपताबाई तिच्याकडे बघतच राहिली. "कुणी? ग्यानबानं? माझे शेंगोळे चांगले म्हणला?"

"रोज म्हणतेत."

धुरपताबाई खाली बसली. हातावरचं पीठ तिने एवढ्या जोरानं चोळून काढलं की कातडं निघावं.

"त्या दिशी मालकानं पहिला घास घेतला आन् ताट सरकवलं. पाव्हण्यासमोर म्हणले, हे शेंगोळे हायेत का शेणाचे गोळे, कुत्रंबी तोंड लावायचं न्हाई. तुझा नवरा बाजूलाच होता. पातेलं रिकामं होईस्तोवर वाढून घेत होता. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते, म्हणलं, हा तरी एक शब्द बोलंल. तर दात काढून हसला. म्हणला, बराबर हाय मालक, बायांच्या हाताला आता चवच राहिली न्हाई, आमच्या घरीबी हीच तकलीफ."

शकुबाईच्या कानांत गरम तेल ओतल्यासारखं झालं. आपल्या पुढे तिचे शेंगोळे थोर, आणि तिथे दोघींच्याही हातांवर थुंकून मोकळा! का, तर उत्तमराव बेणं देतो.

धुरपताबाईने पीठ पुढे ओढलं. दोघी वळायला बसल्या. रस्सा उकळला, शेंगोळे शिजले, आणि चुलीजवळच दोघींनी एका ताटात घेऊन खाल्ले. शकुबाईने नीट चाखून पाहिलं. लसूण तोच, तिखट तेच. फरक एवढाच की हुलगे कुरुंद्याच्या रानातले होते.

घरी आल्यावर ग्यानबाने विचारलं, "शिकलीस?"

"शिकले," ती म्हणाली आणि बेणं उतरवून घ्यायला पडवीत गेली.

पेरणी उरकली आणि उत्तमराव कळमनुरीच्या कचेरीत काही कामासाठी निघाले, ते वाटेत जेवायला डोंगरकड्याला उतरले. ग्यानबाची धांदल उडाली. पुरण घाल म्हणाला, भजी तळ म्हणाला. तातेरावांनाही पंगतीला बोलावून आला. शकुबाईने शेंगोळे केले.

ताटं वाढली. उत्तमरावांनी भुरका मारला आणि मान डोलावली. "वा! ग्यानबा, याला म्हणतेत शेंगोळे. आमच्या घरी..."

"तुमच्या घरचे याहून चांगले हायेत दाजी," दाराआडून शकुबाई पुढे आली. हातात वाढायचा पळा होता. "हेच म्हणतेत. विचारा तातेरावांना. दोन महिने झाले, पारावर दुसरा विषय न्हाई."

"व्हय, व्हय," भोळे तातेराव म्हणाले. "शेंगोळे खावे तर कुरुंद्याला!"

उत्तमराव ग्यानबाकडे वळले. "तू तर त्या दिशी..."

"शकू, आत जा," ग्यानबा पुटपुटला.

"न्हाई जात! अक्काच्या घरी खाल्लं तवा तिचं चांगलं म्हणाया तुमची जीभ झडली व्हती का? तिथं तिला नावं ठेवली, माझीबी काढली. हितं येऊन मला तिच्या नावानं जाळलं. कुणापाशी खरं बोललात? आन् दाजी, तुमी! जी बाई तुमच्यासाठी दिसभर वळत बसली, तिच्यापुढं कुत्र्याचं नाव काढलंत. त्याच हातानं केलेलं तुमच्या शेजारी बसलेलं माणूस पातेलं पुसून खात व्हतं, ते दिसलं न्हाई?"

बाईमाणसानं मोठ्या पाव्हण्याला तोंडावर असं बोलल्याचं डोंगरकड्यात कुणी ऐकलं नव्हतं. उत्तमराव अर्ध्या ताटावरून उठले, चूळ भरली आणि गाडीत जाऊन बसले.

त्या दिवशी ग्यानबानं हात उगारला. शकुबाई जागची हलली नाही. "मारा," ती म्हणाली. "मारल्यावर पारावर जाऊन तेबी सांगा." हात खाली आला. पुढच्या साली बेणं मिळणार नाही म्हणून मात्र तो आठवडाभर कुढत राहिला.

आखाडात वसराम कुरुंद्याला जाऊन आला. शकुबाईला म्हणाला, "धुरपताबाईनं सांगितलंय, मालक घरी आले, दोन दिवस बोलले न्हाईत, मग शेंगोळे कर म्हणले. त्या म्हणाल्या, केले तर आधी मी जेवीन."

शकुबाई हसली, पण राग काही गेला नाही. ग्यानबाने आता नवीनच धरलं होतं. ताट पुढे आलं की घास तोंडात जायच्या आधीच तो घाईघाईने म्हणायचा, "मस्त झालंय!"

"आधी खावा तर," ती भाकरी आपटून म्हणायची. "मीठ घातलं न्हाई अजून."