एकाच हाताची जोडी

ॲम्प्लिफायर ऐकायचा असतो, हे बाकीच्या जगाचं मत. जपानमधल्या सुवा तळ्याकाठच्या ओगुचींच्या कारखान्यात तो बघायचा असतो! आतल्या तारांशी इथं कुणाला काही देणंघेणं नाही. इथं बनतो तो फक्त त्याचा चेहरा: ॲल्युमिनियमची जाड पट्टी आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाहून बारीक हजारो रेघा. पट्टीला तेल लावायचं, ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळायचा, श्वास रोखायचा आणि एका दमात ओढायचा. मध्येच श्वास घेतला की हात थरथरतो, आणि वर सोनेरी झाक चढली की ती थरथर खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनसुद्धा दिसते.

ॲम्प्लिफायर विकले जातात जोडीनं, एक डाव्या स्पीकरला, एक उजव्या; म्हणून पट्ट्याही जोडीनंच. चाळीस वर्षं या रेघा ओढल्या शिगेनोबाईंनी. आणि सोमवारी त्या वारल्या, तेही ऐन जोडीच्या मध्ये. डावी पट्टी पुरी, उजवी कोरी.

"दोन्ही भंगारात," ओगुची म्हणाले. "जोडी एकाच हाताची लागते. दोन्ही शेजारी ठेवल्या की डावीची रेघ सरळ उजवीत चालत गेली पाहिजे."

"मी ओढते ना उजवी, बाबा," त्यांची सतरा वर्षांची कानाए म्हणाली.

"तू? परवा भात करपवलास."

"भात काय श्वास रोखून करतात? हे बघा, जोडी जमली तर शाळा संपल्यावर शिगेनोबाईंचं टेबल माझं. बोला!"

"आणि नाही जमली तर पॅकिंगला बसायचं. मुकाट्यानं."

"मुकाट्यानं सोडून सगळं कबूल!"

शाळेच्या गणवेशातच ती टेबलाशी उभी राहिली. ठोकळ्यावर शिगेनोबाईंच्या अंगठ्याचा खळगा पडला होता; तिचा अंगठा त्यात चपखल बसला. श्वास रोखून तिनं ओढायला सुरुवात केली. पण अर्ध्यातच दम संपला. छाती पेटली आणि तिनं गपकन हवा आत घेतली. गेलं सगळं! पण हात थांबलाच नाही. पलीकडून कुणी बाही धरून ओढावी तसा तो शांतपणे शेवटापर्यंत गेला.

रेघा स्वच्छ होत्या.

असल्या पट्टीत चेहरा कधी दिसत नाही. समोरचं माणूस म्हणजे नुसता एक उभा, धूसर पट्टा. कानाएला दोन दिसले. ती डावीकडे सरकली. एक पट्टा तिच्याबरोबर सरकला. दुसरा जागचा हलला नाही. तिनं झटकन मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

गुरुवारी टोकियोहून पारख करायला ॲम्प्लिफायर कंपनीचे कुसाकाबे साहेब आले. पट्ट्या खिडकीशी शेजारी लावून, चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ बघत राहिले.

"म्हणजे जाता जाता बाईंनी दोन्ही पुऱ्या केल्या!"

"उजवी माझ्या पोरीनं ओढलीय, साहेब."

"थट्टा कुणाशी करता, ओगुचीसान? तीस वर्षं बघतोय मी हा हात. पास."

टेबल मिळालं! कानाएनं तिथल्या तिथं उडी मारली. पण साहेब जाता जाता शिगेनोबाईंच्या रिकाम्या खुर्चीपुढे कमरेत वाकले, कानाएकडे त्यांनी बघितलंही नाही, तेव्हा तिनं उजवी पट्टी उचलून पुन्हा उजेडात धरली.

ओगुचींनी नवी, कोरी जोडी तिच्या पुढ्यात ठेवली. "घे. आता तुझा हात बघू दे."

तिनं जुना ठोकळा लांब सारला. नवा घेतला. जीव ओतून रेघ ओढली. ओगुचींनी पट्टी उजेडात धरली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"शिगेनोबाईच गं. अगदी त्याच."

"नाही! ही माझी आहे!" तिनं पट्टी हिसकावून घेतली, घासून कोरी केली आणि पुन्हा ओढली. या वेळी मोठमोठ्यानं श्वास घेत, पाय आपटत. तरी रेघ तशीच आली. मग दात-ओठ खाऊन तिनं मनगट मुद्दाम खाली वाकवलं. ठोकळा पट्टीच्या कडेवरून घसरताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तेल पुसलं.

या टोकापासून त्या टोकापर्यंत, सरळ.

"बाबा, मी वाकडी ओढली होती," ती कुजबुजली.

"वेडी कुठली! इतकी सुंदर आलीय. चल, आता हिची जोडीदार."

कानाए नको म्हणणार होती. पण तिच्या हातानं दुसरी कोरी पट्टी केव्हाच पुढ्यात ओढून घेतली होती.