दीड तासाच्या वर

सकाळी येऊन सलाईनमधून औषध घ्यायचं आणि दुपारी घरी जायचं, अशा पेशंटांची ती खोली होती. भिंतीला लागून खुर्च्या, प्रत्येकीशेजारी एक स्टँड. खिडकीजवळची खुर्ची आजींची. तशी ती कुणाच्याच नावावर नव्हती, पण दुसरं कुणी बसलं तर आजी अशा बघायच्या की बसलेला आपणहून उठायचा. या दवाखान्याच्या बिलिंगचा मुख्य म्हणजे आजींचा एकुलता एक मुलगा. तो सोडला तर जगात सगळे कामचुकार आणि अर्धवट, याबद्दल आजींच्या मनात शंका नव्हती. आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं, असा सगळा रोखठोक कारभार.

आज शेजारच्या खुर्चीत शाळेच्या बसचा ड्रायव्हर होता. त्याचा डोळा घड्याळावरून हलत नव्हता.

"सिस्टर, जरा जोरात सोडा ना. बाटलीवर डॉक्टरांनी तासाभरात द्या म्हणून लिहिलंय. शाळा सुटायच्या आत पोचलो नाही तर आज नोकरी जाईल. शेवटची ताकीद दिलीय मला."

"इथला नियम आहे, दादा," सिस्टर बाटलीकडे न बघताच म्हणाली. "सगळ्यांना हळूच."

"ऐकलंस?" आजींनी तोंड घातलंच. "औषध आहे ते, घटाघटा ढोसायला सरबत नव्हे. हळू गेलं की अंगी लागतं. माझ्या मुलानं केलाय तो नियम. तुझ्यासारख्या उतावळ्यांच्या जिवाची काळजी त्यालाच. नोकऱ्या काय, छप्पन्न मिळतील!"

ड्रायव्हरनं मान डोलावली. साहेबांच्या आईशी कोण वाद घालणार? आजींना वाटलं, पटलं याला. गेले कित्येक महिने स्वतःची सलाईन घेता घेता त्या या खोलीत येईल त्याला असंच पटवत आल्या होत्या.

तेवढ्यात मुलगा हातात कागद घेऊन आत आला आणि थेट सिस्टरवर घसरला.

"कालच्या त्या पेशंटची बाटली सव्वा तासात कशी संपली?"

"सर, डॉक्टरांनी तासाभराचीच लिहिली होती."

"डॉक्टर औषध लिहितात, बिल मी लिहितो. दीड तासाच्या वर गेलं की दुसरा तास लावता येतो. आधी संपलं तर एकच. कितीदा सांगायचं?" मग आईकडे वळून तो हसला. "आई, हे माझ्याआधी इथं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मालकांनी पाठ थोपटली."

लाज नाही, काही नाही. शाळेत पहिला आल्यासारखा उभा. आजी खुर्चीत पुढे सरकल्या.

"म्हणजे... हळू गेलं की अंगी लागतं, ते?"

"कोण म्हणालं? तासात गेलं काय नि दोन तासांत काय, यांचं औषध सारखंच लागू पडतं."

"आणि माझं?"

"तुझंही तसंच. अगं, पैसे विमा कंपनी देते. तुझं काय जातं?"

आजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सिस्टर, डॉक्टरांनी लिहिलीय तशी सोड याची सलाईन."

सिस्टरनं सरांकडे पाहिलं.

"त्याच्याकडे काय बघतेस? साहेब असेल तो बाहेर. इथे माझा मुलगा आहे, आणि अक्कल गहाण टाकून आलाय."

"आई, सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच मिरवलं तुला मी. आता हेही सगळ्यांसमोरच होऊ दे."

सिस्टरनं नळीवरचं चाक फिरवलं. थेंब भराभर पडू लागले. ड्रायव्हरनं पुन्हा घड्याळाकडे बघितलं आणि तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं ऐकून घेतलं, नुसतं "बरं" म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

"सिस्टर, पुन्हा हळू करा," तो म्हणाला. "माझ्या बसवर दुसरा माणूस पाठवला त्यांनी. मला उद्यापासून येऊ नको म्हणाले. आता कितीही वेळ लागू दे."

मुलाचा जीव भांड्यात पडला. "बघ आई," तो म्हणाला, "त्यांची काही तक्रार नाही."

आजींना आपल्याच पोराची शिसारी आली, आणि त्याचे गोडवे गाणाऱ्या स्वतःच्या जिभेची त्याहून जास्त.