सरकारी आवतण

झूराकानचा हिशेब सरळ होता. तंबू सात, दिवस चाळीस, एका तंबूचं रोजचं सरकारी भाडं दीड हजार सोम. म्हणजे चार लाख वीस हजार. एवढ्यात वेल्डिंगचं मशीन येतं, पत्र्याची शेड उभी राहते आणि मॉस्कोहून एका माणसाचं तिकीट निघतं. तो माणूस म्हणजे तिचा वेल्डर मुलगा मेलिस. दोन वर्षांसाठी म्हणून गेला, त्याला पाच झाली. फोनवर "ये" म्हटलं की "येऊन करू काय?" विचारायचा, आणि त्यावर तिच्याकडे उत्तर नसायचं. आता उत्तर मिळणार होतं, तेही सरकारी खर्चाने.

झालं होतं असं, की जूनअखेर डोंगरातून चिखलाचा लोंढा आला आणि तेरेक-बुलाक गावाची खालची आळी गाडून गेला. माणसं वर पळाली म्हणून वाचली. तिसऱ्या दिवशी अकीमने, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाने, आणीबाणीचा हुकूम काढला: सरकार कोणाचाही ट्रक, चारा, तंबू ताब्यात घेईल, जिल्ह्यातल्या कोणत्याही कारागिराला कामावर बोलावेल, मोबदला नंतर. लगेच गावातले ट्रक नादुरुस्त झाले आणि चारा भिजला. झूराकान मात्र स्वतःहून कचेरीत गेली. नवऱ्यामागे तिचं पोट नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, सात गोल तंबूंवर चालायचं. ती ते लग्नाला आणि मयताला भाड्याने द्यायची. त्या उन्हाळ्यात गावात कोणाचं लग्नही ठरत नव्हतं आणि कोणी मरतही नव्हतं.

तंबू शाळेच्या मैदानावर लावायचं ठरत होतं. इथे झूराकान चुकली. मैदानावर पोरं नमद्याला भोकं पाडतील, शिपाई काठ्या मोडतील, म्हणून तिने आपलंच घरामागचं कुरण देऊ केलं. डोळ्यांसमोर राहतील, एवढाच विचार. संध्याकाळच्या आत सात कुटुंबं वाचलेल्या किटल्या घेऊन राहायला आली.

दुसऱ्या दिवशी शेजारचे म्हातारे सादिर आके कुंपणाला टेकले. "काय गं, एरुलुक कधी?"

शेजारी कोणी नवीन राहायला आलं, की जुन्याने त्याला जेवू घालायचं, तो एरुलुक. तो ज्या घराने चुकवला, त्या घराला नातवंडं झाली तरी गाव विसरत नाही.

"राहायला कुठे आलेत, आके? सरकारने आणून ठेवलेत."

"मग सरकारच्या मैदानात ठेवायचे होतेस. तुझ्या कुरणात आहेत ते शेजारी."

झूराकानने दिवसभर तिकडे पाठ करून बघितली. पण तंबूंतली एकही बाई चिमूटभर मीठ मागायला आली नाही. आवतण नसताना दार वाजवायचं नसतं, हे त्यांनाही कळत होतं, आणि तेच तिला जास्त बोचलं. तिसऱ्या दिवशी तिने दोन मेंढ्या कापल्या, सगळ्यांना एकत्र बसवलं आणि खर्च मनातल्या चार लाख वीस हजारांतून वजा केला. त्यानंतर मीठ, चाळण, ताप आलेलं मूल, सगळं तिच्या दारी येऊ लागलं. बुर्माकान नावाची बाई तर न विचारता तिची गाय दोहून ठेवायची आणि वर दुधाला चव नाही म्हणायची.

चाळिसाव्या दिवशी कचेरीतली सायकाल नावाची कारकून कागद घेऊन आली. मुलगी तरुण, पण आकड्यांत चोख. सही कुठे करायची ते तिने दाखवलं. झूराकानने सहज विचारलं, पैसे कुठल्या खात्यातून? तेव्हा कळलं, की खातं एकच आहे. त्यातूनच या सात कुटुंबांच्या नव्या घरांवर छपरं चढायची होती. भिंती गावाने मिळून उभ्या केल्याच होत्या. भाडं चुकतं केलं, की छपराच्या लोखंडी कैच्या, म्हणजे पत्रे पेलणारे त्रिकोणी सांगाडे, वसंतापर्यंत थांबणार.

"मग ही माणसं हिवाळ्यात कुठे?"

"तुमच्याच तंबूंत, एजे," सायकाल थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली. " अकीम हुकूम वाढवतील. तुमचं भाडंही वाढेल."

म्हणजे फायदाच. झूराकानने खिडकीबाहेर पाहिलं. बुर्माकान गाय दोहत होती. भाडेकरूचं छप्पर अडवता आलं असतं. पण ही माणसं तिच्या घरचं जेवली होती. यांचं अडवलं तर सादिर आके पुन्हा कुंपणाला टेकतील, आणि या वेळी काही विचारणारसुद्धा नाहीत.

तिने कागद बाजूला सारला. "कैच्या जोडणार कोण?"

जिल्ह्यात वेल्डर तीन आणि तिघंही पुलाच्या कामावर, असं सायकालने सांगितलं.

"हुकुमाने कारागीर बोलावता येतो ना?"

"जिल्ह्यात नोंद असलेला, हो."

"मेलिसची नोंद अजून याच घरात आहे. त्याला बोलाव. चांगला ठसठशीत शिक्का मारून. मी भाड्यावर पाणी सोडते."

"एजे, तो मॉस्कोत आहे. आमचा शिक्का तिथे चालत नाही."

"मॉस्कोत कशाला चालायला हवा? त्याच्या मनात चालला की झालं."

अकीम हसला म्हणतात, पण सही केली. तिकीट मंजूर केलं आणि एका बंद डेपोतलं मशीन ताब्यात घेतलं. झूराकानने कागदाचा फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशी मेलिसचा फोन आला.

"आई, सरकारने बोलावलंय म्हटल्यावर यायलाच लागणार, नाही का?"

आवाजात तक्रार होती, पण उसनी आणलेली. कागद त्याने कामावरच्या सगळ्यांना दाखवला होता. हरून परतणं त्याला पाच वर्षं जमलं नव्हतं. बोलावलं म्हणून परतणं तीन दिवसांत जमलं.

तो आला त्या दिवशी बुर्माकानने जाहीर केलं, की नवा माणूस आलाय आणि कुरणातले जुने आता आपण. सात दिवस सात तंबूंत त्याचा एरुलुक झाला. पहिला बर्फ पडायच्या आत सातही छपरं चढली. हुकूम संपला, तरी मशीन परत न्यायला कोणी आलं नाही. ट्रक अजून नादुरुस्तच होते.

तंबूंची घडी घालताना झूराकानने बेरीज मांडली. सरकारने दिलं एक तिकीट आणि एक जुनं मशीन. सात घरांनी सात जेवणं. तिने स्वतः चार लाख वीस हजार आणि दोन मेंढ्या. मेलिसने मॉस्कोतला शेवटचा पगार, जो काम अर्ध्यात सोडलं म्हणून मुकादमाने अडवून ठेवला. हे तो आईला बोलला नव्हता. तंबूतल्या जेवणात तो बोलून गेला, ते तिला बुर्माकानकडून कळलं होतं. तिने बेरजेत ती रक्कम त्याच्याच नावावर राहू दिली आणि त्याला विचारलं नाही.