कोरलच्या बागेतला पांढरा उजेड

जानेवारीतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, त्या दुपारी आमच्या बॅनरली गावच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर चाळीस अंशांचं ऊन, आत आमच्या बाग मंडळाच्या सगळ्या बायका, त्यांचे नवरे आणि स्कोनच्या, म्हणजे चहासोबतच्या गोड पावांच्या, तीन परड्या. पडद्यावर कोरल पेटिफरच्या बागेचा फोटो आला आणि सभेच्या तोंडून एकदम "अगं बाई!" निघालं. आकाश काळंकुट्ट, आणि त्याखाली गुलाब, हायड्रेंजिया, लिंबाचं झाड, सगळ्यांची पानं बर्फासारखी पांढरीशुभ्र.

"ही नुसती पानं नाहीत, मंडळी," गार्थ विंडल डोळे मिटून म्हणाला. "हा कोरलचा प्राण आहे. मालकिणीचा प्राण बागेत उतरतो आणि माझा कॅमेरा तो टिपतो. डिसेंबरचा फोटो बघा, कसा काळवंडलाय. आणि हा आजचा! आजार पळतोय, मंडळी, पळतोय!"

गार्थ गेल्या वर्षीपर्यंत लग्नाचे फोटो काढायचा. तेव्हा त्याला नवरीचं नाकही धड टिपता येत नसे. आता एकदम प्राण दिसायला लागला होता.

कोरल पहिल्या रांगेत बसली होती, डोक्याला निळा रुमाल बांधून. तिच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी औषधाच्या सहा फेऱ्या सांगितल्या होत्या, त्यातल्या दोन झाल्या होत्या, आणि बरं होण्याची आशा चांगली होती. हे मला ठाऊक होतं, कारण दोन्ही वेळा गाडी मीच चालवली होती.

सभा संपल्यावर तिने माझा हात धरला. "आयलीन, महिनाभर मी नळाला हात लावलेला नाही गं. तरी बाग बघ कशी उठलीय! मला नको आता ते औषध. ओकून ओकून जीव जातो. शुक्रवारचं रद्द केलं मी."

"अगं, पण डॉक्टर..."

"डॉक्टरांनी माझी बाग बघितलीय का?"

इथे मी तोंड उघडायला हवं होतं.

आमच्या गावात बाग करणारं कुणी आजारी पडलं की बाकीच्या त्याची बाग वाटून घेतात. उन्हाळ्यात पाणीटंचाईच्या नियमामुळे पाणी सकाळी दहाच्या आतच घालता येतं, म्हणून ते माणूस उठायच्या आधी जायचं. झाडांना पाणी घालायचं, सुकलेली फुलं खुडायची, पाइप होता तसा गुंडाळून ठेवायचा आणि अवाक्षर काढायचं नाही. आजाऱ्याला ओशाळं वाटू नये म्हणून ही रीत. कोरलच्या बागेत आम्ही तिघी आळीपाळीने जात होतो. तिने स्वतः कितीतरी जणांच्या बागा अशाच जगवल्या होत्या, तेव्हा तिला कळलंच असेल असं मी धरून चालले. पण जगायची इतकी ओढ लागली की माणसाला हवं तेच दिसतं. मी म्हणाले, "छान फुललीय गं बाग." आणि स्कोन खाल्ला.

मार्चमध्ये कोरलची पाठ दुखायला लागली. तेव्हा कुठे मी गार्थचे फोटो घेऊन व्हूला इओआनूकडे गेले. आमच्या हायस्कुलात तिने तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. फोटो पाहून ती आधी हसली. मग मी कोरलच्या औषधाचं सांगितलं, तशी तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आणि हे तू मला आत्ता दाखवतेस?"

पुढच्याच सभेत व्हूलाने गार्थला गाठलं. "चल, मागच्या अंगणात दोन फोटो काढ." पहिला कचऱ्याच्या डब्यामागच्या रानगवताचा, दुसरा दफनभूमीच्या कुंपणावरच्या वेलीचा. दोन्ही पडद्यावर आले, पांढरेशुभ्र, कोरलच्या बागेइतकेच.

"हा कुणाचा प्राण, गार्थ?" व्हूला म्हणाली. "कचऱ्याच्या डब्याचा? आणि कुंपणापलीकडचे सगळे बरे होतायत वाटतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. व्हूला हसली नाही. शाळेत सांगायची तसं तिने सांगितलं. उन्हात आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश असतो. तो अडवायला प्रत्येक कॅमेऱ्यात एक काच असते. गार्थने ती काढून टाकली होती आणि फक्त तोच प्रकाश आत सोडणारी काळी काच बसवली होती. जिवंत हिरवं पान तो प्रकाश भरभरून परत फेकतं, म्हणून पांढरं दिसतं. निळ्या आकाशातून तो फारसा येत नाही, म्हणून ते काळं. डिसेंबरचा फोटो ढगाळ दिवशी काढलेला होता, जानेवारीचा भर उन्हात.

"विज्ञानाला सगळंच कळत नाही," गार्थ पुटपुटला आणि कॅमेरा काखेत मारून बाजूच्या दाराने सटकला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या ऐकवेनात. मी तडक कोरलकडे गेले. ती पलंगावर पडून होती. मी सगळं सांगितलं.

"पाणी तू घालत होतीस?"

"मी, आणि मंडळातल्या दोघी."

"रोज?"

"रोज."

तिने मान खिडकीबाहेरच्या बागेकडे वळवली. "मग तेव्हा का नाही बोललीस गं? त्या बागेकडे बघून मी औषध सोडलं."

मी रडायला लागले तर तीच माझ्या हातावरून हात फिरवत राहिली. दुसऱ्या दिवशी आम्ही इस्पितळात गेलो. रोग मणक्यात उतरला होता. मे महिन्यात कोरल गेली.

म्हणून हात जोडून सांगते. आजार किती बरा झाला हे बघायचं तर माणूस तपासा, त्याची बाग नव्हे. कॅमेऱ्यात अजब काही दिसलं तर तोच कॅमेरा आधी कचऱ्याच्या डब्याकडे वळवा. आणि खरं काय ते तुम्हाला ठाऊक असेल तर रीतभात गुंडाळून ठेवा, समोरच्याला वाईट वाटलं तरी चालेल, पण तोंडाने सांगा. गार्थ खोटं बोलला. खरं मला ठाऊक होतं, आणि मी कोरलला ते सांगितलं नाही.