चुलीपुढची जागा

त्र्याण्णव साली नगरला आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाई भागिरथीबाईंच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "यांना धूर अजिबात चालायचा नाही. डोळा टिकवायचा असेल तर चूल बंद." देवळालीला परत येताना एसटीतच मी ठरवून टाकलं. नंबर लावून लावून घरात नुकताच गॅस आला होता, पण आत्याबाईंच्या कायद्यानं त्यावर फक्त चहा व्हायचा. पाहुणे आले तर पोहे. भाकरीला मनाई.

"गॅसवरच्या भाकरीला चव न्हाई. अन् राख न्हाई म्हणल्यावर भांडी कशानं घासायची?"

"पावडरीनं. आजपासून चूल बंद म्हणजे बंद!" मी चुलीवर घमेलं पालथं घातलं. माझा स्वभाव तसा तापटच. नवरा नितीन कारखान्यात फिटर, तो कामाचं निमित्त काढून सटकला. सासरे, रंभाजीमामा, उठून ओसरीवर जाऊन बसले. दवाखान्यातून आल्यावर या माणसानं बायकोच्या डोळ्याची साधी चौकशीही केली नव्हती. मला त्याचाही राग होता.

मग मी ओट्याशी उभी राहून भाकऱ्या करू लागले. मामा ताट घेऊन ओसरीवर जायचे. आत्याबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना उभं राहवायचं नाही. त्या आपल्या घमेल्याशेजारी बसून असायच्या. रुसल्यात, येतील ताळ्यावर, असं मला वाटलं.

एका दुपारी दळण घेऊन आले तर घरभर धूर! चूल पेटलेली, आत्याबाई भाकरी थापतायत, ऑपरेशनचा डोळा लालभडक. शेजारी पाटावर मामा नुकतेच जेवायला टेकलेले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, ते मला पाहून मिटलं.

"डोळा घालवायचाय का आत्याबाई?" मी ओरडलेच. मामा ताट तसंच ठेवून बाहेर गेले.

आत्याबाई पदरानं डोळा टिपत म्हणाल्या, "तुज्या भाकरीला म्या नाव ठेवत न्हाई, वृषाली. पन सासूच्या धाकात संसार झाला माजा. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची सोय न्हवती. ते चुलीपुढं जेवायला बसले की भाकरी वाढता वाढता काय ते बोलून घ्यायचं. आता तीच सवय लागली. दुसरीकडं आमाला बोलायलाच जमत न्हाई."

माझा राग कुठल्या कुठं गेला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण धूर तर चालणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी गॅसची शेगडीच खाली, चुलीच्या जागी मांडली. नवा सिलिंडर घेऊन आलेल्या छगननं ती पाहिली आणि सिलिंडर खांद्यावरून उतरवेचना. "वहिनी, शेगडी टाकीच्या वरच पायजे. अशी चालायची न्हाई."

हे ऐकून मामांनी कुदळ आणली आणि रांजण पुरायला खणावा तसा स्वयंपाकघरात खड्डा खणायला घेतला. "टाकी खाली गेली की शेगडी वर आली. झालं!"

"रंभाजीबाबा, गॅस गळला तर खड्ड्यातच साठंल! घर उडवताय का?" छगन किंचाळला.

खड्डा बुजवला, शेगडी परत ओट्यावर गेली. मामा इतके हिरमुसले की मला हसताही येईना. या वयात त्यांनी कुदळ कशासाठी धरली, ते मला कळत होतं.

शेवटी नितीननं लोखंडी अँगल जोडून एक उंच स्टूल केलं, पाठीला टेकण, पायाला पट्टी. आम्ही दोघांनी धरून आत्याबाईंना वर बसवलं, परात ओट्यावर ठेवली. पहिली भाकरी टम्म फुगली. पण मामा खाली पाटावर बसले, तर त्यांना समोर नुसते बायकोचे पायच दिसायला लागले!

आता उभ्यानं जेवणं म्हणजे मामांच्या लेखी महापाप. लग्नात बुफे दिसला की उपाशी परत येणारा हा माणूस. ते पाटावरून उठले. ताट हातात घेऊन जरा घुटमळले. मग त्यांनी ताट ओट्यावर ठेवलं आणि आत्याबाईंच्या शेजारी उभे राहिले.

"वाढ," ते म्हणाले. आणि पहिला घास मोडता मोडता हळूच विचारलं, "डोळा कसा हाय गं तुजा?"