बाईसाहेब हलत नाहीत

रविवारी सकाळी नऊ वाजता मामा सुरी घेऊन आला. मामा खाटीक आहे, त्यामुळे यात वावगं काही नव्हतं. तो नुसता भेटायला आला तरी सुरी सोबत असतेच. पण आज त्याने धार लावायचा दगडही आणला होता.

"दहाला सुरू करू," तो आईला म्हणाला. "चहा टाक."

आमच्या परसात तीन कोंबड्या: बाईसाहेब, मधली आणि धाकटी. तेवीस दिवसांत अंडं नाही. आईने मुदत दिली होती. रविवारी दहापर्यंत एक तरी अंडं दाखवा, नाहीतर तिघी पातेल्यात. बाईसाहेबांना त्या पिल्लू असल्यापासून मी स्वेटरच्या खिशात वाढवलंय. हाक मारली की त्या यायच्या. हल्ली मात्र अंडी घालायच्या खोक्यातून उठतही नव्हत्या.

त्याला कारण बाबा. बाबा छतांवर प्लॅस्टरची नक्षी करतात. अंडं समोर दिसलं की कोंबडीला घालावंसं वाटतं, हे त्यांनी तेवीस दिवसांपूर्वी कुठूनतरी ऐकलं आणि प्लॅस्टरची सहा अंडी केली. काचपेपरने घासून अशी हुबेहूब, की आईने त्यातलं एक तव्याच्या काठावर आपटलं. तव्याला पोचा आला. अंड्याला काही झालं नाही. ती सहा अंडी खोक्यात ठेवली, बाईसाहेब त्यांच्यावर बसल्या त्या बसल्याच.

शनिवारी मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं होतं. त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. खायला काय? शिंपल्यांचा चुरा देता का? पिसं झडतायत? उवा? मी प्रत्येक उत्तर इतकं बरोबर दिलं की माझाच अभिमान वाटला.

"खोकी किती?"

"एक."

"त्यात कोण असतं?"

"बाईसाहेब. हात घातला तर चोच मारतात."

"खुडूक झालीये ती. उबवायला बसलेली कोंबडी अंडी देत नाही. आणि एकच खोकं तिने अडवलंय, तर बाकीच्या दोघी दुसरीकडे घालत असणार. शोध."

म्हणून मी शोधत होते. लाकडांमागे बघितलं, पिंपाखाली बघितलं, बाबांच्या जुन्या बुटात हात घातला आणि पस्तावले. बाहेर दगडावर सुरी सरकत होती. खर्र. खर्र. मामाला ताल चांगला आहे.

दहाला दहा कमी असताना मी बाबांच्या शेडमध्ये शिरले. प्लॅस्टरमध्ये घालायच्या काथ्याचा ढीग कोपऱ्यात होता. त्यात मधोमध गोल खळगा. खळग्यात धाकटीचं पीस. अंडं एकही नाही.

"बाबा, इथे अंडी होती का?"

बाबा साचा पुसत होते. "माझी ना? हो, रोज एखाददुसरं पडलेलं असतं. खोक्यातून घरंगळत येत असतील. मी उचलून खोक्यात ठेवतो."

"तुम्ही किती केली होती?"

"सहा."

"आणि रोज एक उचलता?"

"कधी दोन."

"हाताला कशी लागतात?"

"कोमट. प्लॅस्टर घट्ट होताना तापतंच."

"तेवीस दिवस घट्ट होतंय?"

बाबांनी विचार केला. "हवा दमट आहे."

छताचं माप हा माणूस केसाएवढंही चुकू देत नाही. मी धावले.

मामाने बाईसाहेबांना पंखांना धरून उचललं होतं. टोपी खाली पडली होती, मनगटावर चोचीची दोन भोकं होती.

"मामा, सोड! त्या खोक्यात खरी अंडी आहेत!"

"खेळणी आहेत ती," आई दारातून म्हणाली. "मी रोज बघते. दहा वाजले."

"मोज ना! बाबांनी सहा केली होती!"

आईने मोजली नाही. ती मोजायला सांगितलेलं कधीच करत नाही. मामाला म्हणाली, "दादा, एक फोडून दाखव हिला."

मामाने बाईसाहेबांना काखेत मारलं आणि एक अंडं खांबावर आपटलं. टक्. खांबाचा रंग उडाला. दुसरं. टक्.

"बघ कार्टे," मामा म्हणाला. "आता तिसरं, आणि मग हिची मान."

मी डोळे मिटले. टक् ऐकू आलंच नाही. फस्स ऐकू आलं.

तेवीस दिवस कोंबडीखाली उबलेल्या अंड्याचा वास मी आयुष्यात पहिल्यांदा घेतला आणि मला रडू आलं, अर्धं आनंदाने. मामाने बाईसाहेबांना सोडलं, सुरी सोडली, आणि तो नळाकडे अशा वेगाने गेला की जन्मभर त्याच्यापुढे पळालेल्या कोंबड्यांना बरं वाटलं असतं.

आई नाक दाबून खोक्यापाशी आली. तिने अंडी मोजली. बत्तीस.

"घालतात तर मग," ती नाकातून म्हणाली. "दादा, राहू दे. आज वरण करते."

तेवढ्यात बाबा आले. त्यांनी न फुटलेलं एक अंडं उजेडात धरलं आणि ते हळूच हसले. "कुणालाच फरक ओळखू आला नाही ना?"

"अहो," आई म्हणाली, "तुम्हालाच आला नाही."

सगळी अंडी काढून आम्ही खोकं धुतलं. बाईसाहेब अंगणभर फिरल्या, एकदा माझ्या पायाशीही आल्या. मग मामाची पडलेली टोपी त्यांना दिसली. पिसं फुलवून त्या तिच्यावर बसल्या.

मामा डोकं उघडं ठेवूनच घरी गेला.