कागदावरचा मालक

गाडी विकून सव्वा वर्ष झालं तरी कागदोपत्री इंद्रभानच तिचा मालक होता, आणि खरं सांगायचं तर ते त्याला मनातून आवडत होतं. अठरा वर्षं दुसऱ्याच्या ट्रकवर काढल्यावर त्यानं ही सहा चाकांची गाडी नवी कोरी घेतली होती. पुढे कंबरेनं दगा दिला आणि ती पिंपळगाव राजाच्या मोतीराम राखोंडेला विकावी लागली. स्टॅम्पपेपरवर सह्या झाल्या, पेढे झाले, आणि 'नावावर काय, करू सावकाश' म्हणत दोघांनी चहा घेतला. आपल्याकडे निम्मे व्यवहार असे चहावरच संपतात. नंतर मोतीरामनं नावाचं दोनदा विचारलं, तेव्हा इंद्रभानला एकदा लग्नाला जायचं होतं आणि एकदा ताप आला होता.

त्यामुळे गाडी पिंपळगाव राजाला आणि तिची खबरबात इंद्रभानच्या गावी देऊळघाटला, असं झालं. टोलचा टॅग इंद्रभानच्या मोबाईलला जोडलेला. गाडी कुठल्याही नाक्यावरून गेली की याच्या खिशात टुणकन वाजायचं. दंडाचे मेसेजही यालाच. मग हा मोतीरामला फोन लावून, गाडी कशी चालवावी ते अर्धा अर्धा तास ऐकवायचा. मोतीरामनं दिवाळीपर्यंत ऐकलं आणि मग नंबरच ब्लॉक करून टाकला. इंद्रभानला राग आला, पण टुणकन वाजणं चालूच होतं, त्यावर त्यानं समाधान मानलं.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी सकाळी त्याची मुलगी धम्मशीला घर आवरत होती. ती बुलढाण्याला एका दवाखान्यात नर्स, सुटी तेवढी रविवारची. टीव्हीमागून तिनं एक बंद पाकीट काढलं. 'वाहनमालक श्री. इंद्रभान वानखडे' असं त्यावर छापलेलं होतं. बावीस दिवसांपूर्वी पोस्टमनसमोर ऐटीत सही करून इंद्रभाननं ते घेतलं होतं, छापलेलं नाव दोनदा वाचलं होतं, आणि सर्व्हिसिंगची जाहिरात असेल म्हणून न उघडता ठेवून दिलं होतं. गाडीच्या कंपनीचे दोन मेसेज आले होते, तेही त्यानं पुसून टाकले होते.

धम्मशीलानं पाकीट फोडलं आणि उभ्यानंच वाचलं. "बाबा, ही जाहिरात नाई."

तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढची दोन चाकं एकत्र वळवणाऱ्या दांडीचा जोड सदोष असू शकतो. तो निसटल्यास गाडीवरचा ताबा सुटेल. कंपनी जोड फुकट बदलून देईल, तोवर गाडी माल भरून चालवू नये.

"टायरॉड!" इंद्रभान म्हणाला. टायरॉड म्हणजे काय ते ड्रायव्हरला समजावून सांगावं लागत नाही. ब्रेक गेला तर माणूस गिअर पाडतो, गाडी बांधाला घासतो, काहीतरी करतो. टायरॉड सुटला की स्टीअरिंग हातात नुसतं फिरत राहतं आणि गाडी तिच्या मनाला येईल तिकडे जाते.

"मोतीरामले लाव. तुह्या फोनवरून लाव."

तिनं लावला. नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला. चालू गाडीत मोतीराम फोन उचलत नसे की कोणाला उचलू देत नसे, आणि ही शिस्त इंद्रभाननंच घसा फोडून त्याला लावली होती. तिनं पत्राचा फोटो पाठवला, तो पोचला, पण कोणी पाहिला नाही. तेवढ्यात इंद्रभानच्या खिशात टुणकन वाजलं. खामगावच्या पुढचा टोलनाका, दहा वाजून चाळीस मिनिटं.

म्हणजे गाडी हायवेला होती आणि, दर रविवारची फेरी तीच असल्यामुळे, टोमॅटोच्या कॅरेटनं भरलेली होती. नांदुऱ्याला थोडा माल उतरवून ती मलकापूरमार्गे पुढे जाणार. आणि मोतीराम एकटा नव्हता. त्याला साखरेचा आजार झाल्यापासून त्याची बायको अन्नपूर्णाबाई प्रत्येक फेरीला शेजारी बसायच्या आणि त्याचा डोळा लागू नये म्हणून सारखं बोलत राहायच्या. धम्मशीलानं पोलिसांना फोन केला. निरोप पुढे देतो, असं तिकडून सांगण्यात आलं. पुढे म्हणजे कुठे, ते कोणी सांगितलं नाही.

"टॅग बंद कर," इंद्रभान एकदम म्हणाला.

"त्यानं काय होईल? दुप्पट टोल भरतील अन् जातील निघून."

"मोतीराम दुप्पट भरीन? तो नाक्यावाल्याशी भांडीन, मॅनेजरले बोलवीन, तासभर हलणार नाई तो तिथून."

मोतीरामच्या भांडखोरपणाचा इतका आधार त्याला आयुष्यात कधी वाटला नव्हता. हेल्पलाइनवर आधी गाणं ऐकावं लागलं, मग एक दाबा, मग चार दाबा, मग जन्मतारीख. शेवटी एका मुलीनं विनंती नोंदवून घेतली. सगळ्या नाक्यांवर दिसायला थोडा वेळ लागेल, म्हणाली.

"थोडा म्हणजे किती?"

"सांगता येत नाही, सर."

धम्मशीलानं स्कूटी काढली आणि हा दुखऱ्या कंबरेनं मागे बसला. पुढचा नाका मलकापूरच्या पलीकडे. राजूरचा घाट उतरताना त्यानं मोबाईल मुठीत घट्ट धरून ठेवला होता. आता तो वाजला की सगळं संपलं. वाजला म्हणजे टॅग चालू राहिला, गाडी नाका ओलांडून गेली, आणि पुढे दीड तास तिला अडवणारं कोणी नाही. वर्षभर ज्या आवाजावर तो जीव लावून बसला होता, तोच आता त्याला नको होता. मोताळ्याजवळ टुणकन वाजलं आणि त्यानं मोबाईल डोळ्यांपुढे धरला. मेसेज रिचार्जच्या ऑफरचा होता. धम्मशीलानं आरशातून त्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता स्कूटीचा वेग वाढवला.

त्याला मोजदाद सुचत होती, नको तेव्हा. पत्र आल्यापासून मोबाईल चौदा वेळा वाजला होता. चौदाही वेळा यानं वाचून मान डोलावली होती, की गाडी पळतेय आपली. आपली! त्याला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

नाका दिसला तेव्हा इंद्रभानला आधी आवाज ऐकू आला, मग माणूस दिसला. गाडी कडेला उभी होती आणि मोतीराम तिघा जणांशी एकाच वेळी भांडत होता. इंद्रभानचे डोळे भरून आले. तो स्कूटीवरून उतरला आणि लंगडतच धावत सुटला.

त्याला पाहताच मोतीराम नाक्यावाल्यांना विसरला. "तू? टॅग तू बंद केला? माल सडून राह्यला बे इथं माहा. गाडी विकली, पण जीव नाई निघत तुहा तिच्यातून."

यात खोटं काहीच नव्हतं. केबिनमधून अन्नपूर्णाबाई वाकून पाहत होत्या. धम्मशीलानं पत्र पुढे केलं, पण मोतीराम ते हातात घेईना. तेव्हा इंद्रभान तसाच गाडीपुढे डांबरावर आडवा झाला, सरकत आत गेला आणि त्यानं टायरॉड धरून हलवला.

"मोतीराम, ये. हात लाव इथं."

मोतीराम शिव्या देत वाकला, आत सरकला आणि त्यानं हात लावला. जोड खुळखुळला. तो सावकाश बाहेर आला. पँटला हात पुसत त्यानं चाकाकडे पाहिलं.

"वाचलो बावा," तो म्हणाला. "तू नसता आला तं..."

अन्नपूर्णाबाईंनी खाली उतरून धम्मशीलाकडून पत्र वाचून घेतलं होतं. "कवा आलं हे पत्र, भाऊ?"

"आलं असन मागंच," मोतीराम मध्येच म्हणाला. "मीच याचा नंबर बंद करून ठेवला होता. सांगीन कसा तो?"

वाट आयती मोकळी करून दिली होती. नुसती मान हलवायची होती. धम्मशीला जमिनीकडे पाहत होती.

"नाई," इंद्रभान म्हणाला. "बावीस दिवस झाले. मी फोन लावलाच नाई. पत्र उघडलंच नाई. वर माहं नाव होतं, ते वाचलं अन् ठेवून देलं."

मग अन्नपूर्णाबाई बोलल्या, आवाज न चढवता. "मंगळवारी पोरीले, रुपालीले, जळगाव जामोदहून याच गाडीत आणलं आमी. तिचं लेकरू माह्या मांडीवर होतं. अकरा दिवसाचं."

मोतीरामनं शिव्या द्याव्यात, कॉलर धरावी, असं इंद्रभानला फार वाटलं. मोतीराम नुसता गाडीच्या सावलीत जाऊन बसला. अन्नपूर्णाबाई त्याच्या शेजारी बसल्या.

धम्मशीलानं पत्रावरचा कंपनीचा नंबर लावून फोन वडिलांच्या हातात दिला. गाडी उचलून न्यायला क्रेन पाठवू, असं पलीकडचा माणूस म्हणाला. गाडीचा नंबर त्यानं घेतला आणि विचारलं, "इंद्रभान वानखडे, मालक, आपणच ना?"

"नाई साहेब."

"आमच्याकडे तर तेच नाव आहे."

"ते मी अडवून ठेवलं होतं. उद्या आरटीओत जाऊन सोडतो." त्यानं सावलीत बसलेल्या मोतीरामकडे पाहिलं. "मालक मोतीराम राखोंडे. पिंपळगाव राजा. इथंच बसले हायेत. यापुढं काईबी असलं तं त्याइलेच फोन करजा."

आणि त्यानं वाकून फोन मोतीरामच्या पुढे धरला.